दोन लुगडी आणि एक पिशवी

सांबरा हे नाव आपल्या गोमंतकीयांना दोन कारणांनी ठाऊक असते. एक म्हणजे बेळगावचा विमानतळ तिथे आहे. दुसरे म्हणजे १८ डिसेंबर १९६१ रोजी बांबोळीचे बिनतारी केंद्र ज्या हंटर विमानांनी बंद पाडले, ती सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडाली होती. आमचे बाबा त्यांना 'सांबऱ्याची विमाने' असेच म्हणत. मला मात्र हे गाव तिसऱ्याच कारणाने माहीत आहे. माझ्या थोरल्या मावशीला सांबऱ्याला दिले होते, आणि मे महिन्याच्या सुटीत आम्ही भावंडे तिच्याकडे जायचो.

बेळगावहून गोव्यात काय काय येते हे सांगायला नकोच. चोर्ला घाट उतरून पहाटे येणारे भाजीचे ट्रक, दूध, 'तरुण भारत', आणि कुणी पाहुणा आला तर कुंदा. इथून तिकडे जातात ते बहुतेक रुग्ण. सत्तरी-डिचोलीतली कितीतरी कुटुंबे मोठे दुखणे आले की अजूनही बेळगावची वाट धरतात. पण बेळगावहून जगभर गेलेल्या एका वस्तूविषयी आपल्याकडे बोलणे होत नाही. ती वस्तू म्हणजे प्लास्टिकची एक पिशवी. बाळंतिणीच्या अंगावरून जाणारे रक्त मोजण्याची.

(बायकांच्या बोलण्यात 'पिशवी' म्हणजे गर्भाशय, हे मला माहीत आहे. इथे दोन्ही पिशव्यांचा संबंध येणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

आधी मावशीची हकीकत सांगतो. तिची धाकटी जाऊ १९७१ साली तिसऱ्या बाळंतपणात गेली. बाळंतपण घरीच झाले, तेव्हा सगळ्यांचीच घरी व्हायची. सुईण जाणती होती, अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली. मूल झाले, रडले, थोड्या वेळाने वारही पडली. बाहेर बसलेल्या पुरुषांना साखर गेली. आणि त्यानंतर अंगावर जाऊ लागले. पहिले लुगडे भिजले तेव्हा कुणाला काही वाटले नाही. दुसरे भिजले तेव्हा सुईणीने पोट चोळायला घेतले. मग गाडी जुंपा म्हणेपर्यंत बाईचे हातपाय गार पडले होते. बेळगाव दहा-बारा किलोमीटरवर, पण गाडी वेशीबाहेरही गेली नाही. 

मोठेपणी मी मावशीला एकदा विचारले, "मावशे, किती रक्त गेलं असेल गं?" ती म्हणाली, "दोन लुगडी, आणि खालचं गोणपाट. ते कोण मोजतंय रे? बाळंतिणीचं जायचंच की, असं म्हणायची सगळी."

सुईणीला दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. थोडे जायचेच, हे तिचे म्हणणे खरे होते. थोडे कुठे संपते आणि जास्त कुठे सुरू होते हे सांगणारे माप तिच्याकडे नव्हते. आणि खरे सांगायचे तर ते शहरातल्या डॉक्टरांकडेही नव्हते.

आपल्या मराठी मुलखात बाळंतपणात गेलेल्या बाईला भुतांत वेगळी जागा आहे. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली बाई. हडळही पुष्कळदा तीच. एन्थोव्हेनच्या १९२४ सालच्या लोकसाहित्याच्या पुस्तकात ही नावे आहेत, आणि माझ्या आजीच्या तोंडी तर ती रोजच असत. अशा बाईची तिरडी निघाली की वाटेवर राळे किंवा मोहरी टाकीत जायची पद्धत होती. ती परत यायला निघाली तर तिने एकेक दाणा मोजावा आणि मोजता मोजता उजाडावे, म्हणजे ती घरापर्यंत पोचणार नाही. वाघाने खाल्लेल्याला, विहिरीत पडलेल्यालाही भुतांची नावे आहेत. पण बाळंतिणीच्या भुतांना दोन-दोन तीन-तीन नावे पडली. मी कचेरीत वह्या सांभाळणारा माणूस, मला त्यात गावाने ठेवलेली नोंद दिसते. सरकारी वही नव्हती तेव्हाची.

सरकारी वही आली तीही बराच काळ या बाबतीत मुकीच होती. काही वर्षे मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होतो. मृत्यूच्या फॉर्मात आता एक प्रश्न असतो: मृत व्यक्ती स्त्री असल्यास, मृत्यू गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला काय? होय की नाही, एवढेच लिहायचे. लोक घाईत असतात, दुःखात असतात, आणि समोरचा कारकूनही पुढच्या नंबरकडे बघत असतो. मी तो रकाना कधी रिकामा सोडू दिला नाही, याचे कारण सांबऱ्याला आहे.

आता हे रक्त जाते का ते थोडे समजून घेऊ. नऊ महिने भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त धावत असते. मूल आणि वार बाहेर पडली की वारेच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. त्या बंद करायला निसर्गाने झडप दिलेली नाही. गर्भाशयाचे स्नायू आवळतात, आणि त्या जाळीत सापडलेल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. पिळलेल्या फडक्यासारखे. स्नायू थकले, आवळलेच नाहीत, तर नळ चालू राहतो. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या दहापैकी सात प्रकरणांत हेच कारण असते. सुईणी पोट चोळत ते याचसाठी, आणि मुलाला लगेच अंगावर पाजायला लावत तेही फुकट नव्हते, कारण पाजण्याने गर्भाशय आवळते. त्यांचे ज्ञान बरोबरच होते, पण वेळ फार थोडा असतो. उपचार न झाल्यास अशी बाई सुमारे दोन तासांत जाऊ शकते. गरोदरपणातल्या इतर दुखण्यांत, रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली, तर निदान काही दिवसांची सूचना मिळते. इथे सकाळी धडधाकट असलेली बाई दुपारी नसते.

पाचशे मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर, ही पुस्तकातली रेषा. त्याच्या पुढे गेले तर रक्तस्राव म्हणायचे, हजाराच्या पुढे गेले तर गंभीर. पण अर्धा लिटर ओळखायचा कसा? जमिनीवर, चटईवर, कपड्यांत मुरलेले रक्त, त्यात पाणी मिसळलेले, खोलीत उजेड कंदिलाचा. टांझानियात बायका 'कांगा' नावाचे कापड नेसतात, त्याचा आकार ठरलेला असतो. तिथल्या किगोमा भागात सुईणींना शिकवले गेले की दोन कांगा भिजले की समजा अर्धा लिटर गेले, बाईला हलवा. त्यावरचा लेख २००५ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. दोन लुगडी.

मराठी मुलखात या शास्त्राचा धागा जुना आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवस जगले. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी पदवी घेतली तेव्हा प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. निपाणीपासून कोल्हापूर ते किती दूर! ही डॉक्टरीण तिथे वीस-पंचवीस वर्षे बसली असती तर या पट्ट्यातल्या बाळंतपणांची कथा कदाचित वेगळी झाली असती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या, वय जेमतेम एकवीस. आपल्या पणजीला तर १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. तरी बार्देश-तिसवाडी सोडून आत गेले की बाळंतपण वैजिणीच्याच हाती, अगदी मुक्तीनंतरही कैक वर्षे. शाळा असणे आणि हात पोचणे या दोन गोष्टींमध्ये घाट असतो.

बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघाले, के.एल.ई. संस्थेचे. तिथले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. भालचंद्र कोडकणी आणि शरीरक्रियाशास्त्राचे डॉ. शिवप्रसाद गौडर यांनी अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डर्मन, डॉ. स्टेसी गेलर वगैरेंबरोबर एक प्रश्न हाती घेतला. रक्त थांबवायचे इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, चांगलेच आहे. पण त्याला टोचायला शिकलेला हात हवा आणि ठेवायला दोन ते आठ अंश थंडावा हवा. खेड्यात लाईट कधी जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याला फ्रीजचे काय होते तेही ठाऊक असणार. शिवाय त्या काळी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना ते इंजेक्शन द्यायची मुभा नव्हती. मग साधी गोळी चालेल का? मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी होती. १९८८ साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली ती पोटातल्या व्रणासाठी. ती गर्भाशय आवळते हा तिचा दुसरा गुण. स्वस्त, तोंडाने घ्यायची, फ्रीज नको.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत ही चाचणी झाली. १६२० बाळंतिणी. घरी किंवा उपकेंद्रात झालेली बाळंतपणे, आणि ती करणाऱ्या पंचवीस नर्सबाई, ज्यांना आपण ए.एन.एम. म्हणतो. नाळ कापली की पाच मिनिटांच्या आत गोळ्या द्यायच्या. अर्ध्या बायकांना खरे औषध, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळाले हे ना नर्सबाईंना ठाऊक ना बाळंतिणीला.

पण गोळीचा उपयोग झाला की नाही हे ठरवायचे तर रक्त मोजायला हवे, आणि इथेच गाडे अडले. तेव्हा या मंडळींनी ती पिशवी बनवली. प्लास्टिकची एक चादर बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची, तिच्या दोन पट्ट्या पोटावर बांधायच्या, आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी पिशवी. पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. मूल झाले, गर्भजल वाहून गेले, की ती लावायची आणि तासभर ठेवायची; रक्त थांबले नाही तर दोन तास. दूध मोजायच्या मापासारखी, दुसरे काही नाही. नाव ठेवले 'ब्रास-व्ही', ती बनवणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरे जोडून. सात जणांनी आपापले अक्षर त्यात बसवले हे वाचून मला हसू आले. आमच्या कचेरीत परिपत्रकाखाली सह्यांची अशीच ओढाताण असते. पण यांच्या कामापुढे एवढी हौस माफ.

त्यांनी आणखी एक छोटा अभ्यास केला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. १२३ बायका. काहींच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांनी अंदाज, काहींच्या बाबतीत पिशवी. डोळ्यांचा अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे सरावलेल्या माणसालाही एक तृतीयांश रक्त दिसतच नाही. सांबऱ्याच्या सुईणीने 'जायचंच की' म्हटले, त्यात तिचे अडाणीपण नव्हते. माणसाचा डोळाच तसा आहे.

चाचणीचा निकाल ऑक्टोबर २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषधाविना शंभरात बारा बायकांना रक्तस्राव झाला होता, गोळी घेतलेल्यांत तो शंभरात साधारण सहा बायकांना झाला. गंभीर रक्तस्राव हजारात बारावरून दोनवर आला. अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब. त्रास म्हणाल तर थंडी वाजणे आणि थोडा ताप. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी रक्तस्राव रोखण्याच्या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, त्यामागे जे पुरावे होते त्यांत बेळगावची खेडी होती.

इथे एक प्रश्न मला बोचतो, तो लपवून ठेवत नाही. ज्या आठशेआठ बायकांना औषध नसलेली गोळी मिळाली त्यांचे काय? संशोधकांचे उत्तर असे की त्या काळी त्यांना एरवी यापेक्षा जास्त काही मिळणारच नव्हते, आणि चाचणीत निदान शिकलेली नर्स, मोजणारी पिशवी आणि वेळेवर हलवायची सोय तरी होती. हे उत्तर खोटे नाही. तरीही 'एरवी काहीच मिळणार नव्हते' हे ज्या व्यवस्थेत खरे असते, तिला ते वाक्य शोभणारे नाही. या बायकांनी अंगठा उठवून किंवा सही करून होकार दिला, त्यांच्या होकारावर आज जगातल्या बायका वाचतात. त्या बायकांची आणि त्या पंचवीस नर्सबाईंची नावे मला कुठल्याही लेखात दिसली नाहीत. सात आद्याक्षरांची मात्र पिशवी झाली.

पिशवीचा पुढचा प्रवास गोळीपेक्षाही लांबचा. तिच्यासारख्या खुणांच्या पिशव्या ठिकठिकाणी वापरात आल्या. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ऐंशीच्या आसपास इस्पितळांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर एक मोठी चाचणी झाली, 'ई-मोटिव्ह' नावाची. तिचा निकाल २०२३ साली आला. युक्ती साधी होती: प्रत्येकीला मापाची पिशवी लावायची, आणि रेषा ओलांडली की पोट चोळणे, औषधे, सलाईन, तपासणी हे सगळे एकामागून एक न करता एकदम करायचे. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या निम्म्याच बायका ओळखल्या गेल्या होत्या, पिशवी लावल्यावर शंभरात त्र्याण्णव. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाळंतिणीचे रक्त मोजून बघावे, नुसता अंदाज करू नये, असे सांगितले. आणि ही सगळी इस्पितळे होती बरे, कंदिलाच्या खोल्या नव्हत्या.

बेळगावचे कामही तिथेच थांबले नाही. वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणांवर ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीचा उपाय सहा देशांत तपासला गेला, त्यात भारतातली दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर. जवळजवळ बारा हजार पहिलटकरणी. ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणे १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. हा निकाल २०२० चा. त्याविषयी पुन्हा कधी लिहीन.

कर्नाटकात २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे २२८ माता मरत होत्या, २०१८-२० मध्ये ६९. याचे श्रेय एका गोळीला किंवा पिशवीला देणे बरोबर होणार नाही. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, रस्ते झाले, १०८ ची गाडी आली, आणि २०१९-२१ च्या पाहणीत कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणे इस्पितळांत होत होती. सांबऱ्यातही आता कुणी घरी बाळंत होत नाही, मावशीच्या नाती तर सोनोग्राफीचे फोटो मोबाईलवर पाठवतात. आता 'घरी' विरुद्ध 'इस्पितळात' हा प्रश्न जवळजवळ संपला आहे. उरला आहे तो एवढाच, की इस्पितळात मोजतात का? आपल्या ओळखीत कुणी बाळंत व्हायची असेल तर डॉक्टरांना हे विचारायला हरकत नसावी. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

आणखी एक गोष्ट. अर्धा लिटर ही रेषा धडधाकट बाईसाठी आहे. भारतात २०१९-२१ मध्ये पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी होत्या. अंगात मुळातच रक्त कमी असेल तर अर्धा लिटरची वाट बघणे परवडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर ३०० मिलिलिटरलाच हालचाल करा असे म्हटले आहे. मावशीच्या बोलण्यात एक वाक्य होते, ते मी तेव्हा लक्षपूर्वक ऐकले नव्हते. जाऊ आधीपासूनच पांढरीफटक दिसायची, जिना चढली की दम लागायचा, पण तिसरेपण म्हणून कुणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या लुगड्यापर्यंत थांबण्याइतके रक्त तिच्या अंगात बहुधा नव्हतेच.